विमानात भोपळ्याला जागा किती?

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. कर्जत आणि खालापूर तालुक्यांना याचं अप्रूप जरा वेगळं आहे. आजवर इथल्या माणसाला विमान गाठायचं म्हणजे थेट अंधेरी-सहार गाठावं लागे. लोकलने निघालं तर घाटकोपरला उतरून मेट्रोची गर्दी, मोटारीने निघालं तर वाशीच्या पुलावरची रांग. आता चौकवरून पनवेल आणि पुढे उलवे, एवढाच रस्ता आहे. कर्जतहून तो ४०-४५ किलोमीटरचा होतो.

या रस्त्यावरून वाद्यंही जाऊ-येऊ लागली आहेत. कर्जतच्या शेतघरांत होणाऱ्या लग्नांना आणि खासगी मैफिलींना दिल्ली-कोलकात्याचे वादक येतात. शहराचा कलकलाट नको म्हणून इकडे राहायला आलेले कलावंत परदेश दौऱ्यांवर निघतात. खालापूर सोडून जुन्या पुणे रस्त्याने पनवेलकडे गेलं की पळस्पे लागतं. तिथे डागर घराण्याचं ध्रुपद गुरुकुल आहे आणि देशोदेशीचे शिष्य तिथे येऊन राहिले आहेत. विमानतळ जवळ आल्यामुळे त्यांचा एक जुना प्रश्न मात्र सुटलेला नाही, तो फक्त जवळ आला आहे. नाजूक वाद्य विमानातून न्यायचं कसं, ते मोडलं तर जबाबदारी कुणाची, आणि विमानासाठी वाद्यानेच आपला आकार बदलावा का? गेल्या वीस वर्षांत यावर जगभर बरीच चर्चा झाली, काही कायदेही झाले. ते कुठवर आले आहेत ते इथे पाहू.

आगगाडीतून विमानात

मिरजेचे तंबोरे आणि सतारी मुंबईला गेल्या त्या बहुतेक आगगाडीने, बोरघाट उतरून कर्जतवरूनच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मिरजेत हा धंदा रुजला. मूळचे हे हत्यारं घडवणारे कारागीर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड यांतून त्यांनी वाद्यं उभी केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गाडीत हा तंबोरा गवसणी घालून वरच्या बर्थवर आडवा ठेवला जाई, नाही तर गुडघ्याला टेकवून उभा. मोडतोड तेव्हाही व्हायची, पण वाद्य मालकाच्या नजरेआड होत नसे. विमानाने पहिल्यांदा वादकाची आणि वाद्याची ताटातूट केली. एका दारातून वादक जातो, दुसऱ्या पट्ट्यावरून वाद्य जातं, आणि मधल्या काळात त्याचं काय झालं ते कुणी पाहिलेलं नसतं.

भारतीय वादकांचे परदेश दौरे पन्नाशीच्या दशकानंतर वाढले तेव्हा हे फारसं जाणवलं नसावं. विमानं अर्धी रिकामी असत, सुरक्षातपासणी नावापुरती होती, आणि हवाई सुंदरीच्या मर्जीने सतार मागच्या एखाद्या कपाटात बसून जाई. या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांनी कोलकात्याच्या कनाईलाल यांच्याकडून जी वीणा करून घेतली, ती जुन्या रुद्रवीणांपेक्षा मोठी होती. तुंबे मोठे, दांडी जाड, तारा जाड. आलापातला खालचा सूर लांब रेंगाळावा म्हणून हा सगळा खटाटोप. आणि हेच डागर पुढे अमेरिकेत, सिएटलच्या विद्यापीठात शिकवायला गेले. जग विमानाच्या मापात बसायला निघालं असताना पळस्प्याच्या या माणसाने वाद्य मोठं केलं. पुढचा सगळा वाद या दोन टोकांमधला आहे.

हवा बदलली ती २००१ च्या अमेरिकेतल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघडकीला आला आणि काही आठवडे हातातलं सामान जवळजवळ बंदच झालं. व्हायोलिनसुद्धा विमानाच्या पोटात घालावी लागली तेव्हा युरोपातले वादक खवळले. त्यानंतर ३१ मार्च २००८ रोजी शिकागोच्या विमानतळावर कॅनडाचे गायक डेव्ह कॅरल यांची टेलर गिटार मोडली. युनायटेड एअरलाइन्सने २४ तासांत तक्रार केली नाही म्हणून भरपाई नाकारली. दुरुस्तीचा खर्च सुमारे १,२०० डॉलर होता. कॅरल यांनी जुलै २००९ मध्ये त्यावर गाणंच केलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. तोवर वाद्य मोडलं तर तो वादकाचा खासगी रडगाणं गाण्याचा विषय होता, आता तो सार्वजनिक झाला.

त्याला कायद्याचं रूप अमेरिकेने दिलं. २०१२ च्या विमानवाहतूक कायद्यात वाद्यांसाठी वेगळं कलम आलं आणि त्याची नियमावली ६ मार्च २०१५ पासून लागू झाली. व्हायोलिन, गिटार यांसारखं लहान वाद्य वरच्या कप्प्यात किंवा आसनाखाली मावत असेल आणि चढताना तिथे जागा असेल, तर ते नेऊ द्यायलाच हवं. मोठ्या वाद्यासाठी वेगळं आसन विकत घेता येतं. पोटात जाणाऱ्या वाद्याला लांबी-रुंदी-उंची मिळून १५० इंच आणि वजन १६५ पौंड, म्हणजे ७५ किलो, अशी मर्यादा आहे. कॅनडाने २०१९ च्या नियमांत विमान कंपन्यांना वाद्यांबाबतच्या अटी लेखी जाहीर करायला लावल्या. युरोपीय संघाच्या २०१३ च्या प्रस्तावातही तरतूद होती, पण तो प्रस्ताव वर्षानुवर्षं रखडत राहिला.

भारताकडे असं वाद्यांचं वेगळं कलम नाही. आपल्याकडे वाद्याचा उल्लेख येतो तो शुल्काच्या संदर्भात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१३ साली ज्या सेवांचे वेगळे पैसे घ्यायला कंपन्यांना मुभा दिली त्या यादीत पसंतीचं आसन, खाणं, खेळाचं साहित्य यांच्या शेजारी वाद्यांची वाहतूक आहे. वाद्याचे पैसे किती घ्यावेत हा कंपनीचा प्रश्न. पैसे घेतल्यावर ते कसं न्यावं, याबद्दल ती यादी काही बोलत नाही.

नेमकं मोडतं कशानं

या बाबतीत वादकांमध्ये बरेच गैरसमज आहेत. सर्वांत जुना म्हणजे विमानाच्या पोटात हवा नसते, दाब नसतो, म्हणून भोपळा फुटतो. प्रवासी जेट विमानांत सामानाच्या कप्प्यालाही प्रवाशांइतकाच दाब असतो. तिथे गारठा असतो, पण सहसा गोठण्याइतका नाही. शिवाय तंबोऱ्याचा भोपळा हा काही हवाबंद डबा नव्हे. आतला-बाहेरचा दाब सारखाच राहतो.

वाद्य मोडतं ते तीन कारणांनी: आपटल्याने, दाबल्याने आणि कोरडं पडल्याने.

आपटण्याचं शास्त्र सोपं आहे. गिटार उभी असताना खोक्यासकट आडवी पडली तर धड खोक्यात घट्ट बसलेलं असतं, पण डोकं आणि खुंट्या मोकळ्या असतात. धड थांबतं, डोकं थांबत नाही, आणि मान तिथेच तडकते. सतारीत आणि तंबोऱ्यात हीच जागा गळ्याची, म्हणजे भोपळा दांडीला मिळतो तिथली. लांब दांडी आणि तळाला जड गोल भोपळा असल्यामुळे झटका थेट सांध्यावर येतो. दुसरी जागा भोपळ्याच्या पाठीची. भोपळा म्हणजे वाळवलेली पातळ साल. दाब सगळीकडून सारखा आला तर ती बराच सोसते, पण खोक्याच्या तळाला एकाच बिंदूवर टेकली असेल तर त्याच बिंदूत भोक पडतं. म्हणून नुसता टणक खोका पुरत नाही. आत भोपळा तरंगता राहावा अशी भर लागते.

मिरजेत वाद्य पाठवणीला द्यायचं असेल तेव्हा जाणते कारागीर काय करतात ते पाहण्यासारखं असतं. आधी मणी खाली सरकवतात. मग तारा एकेक खुंटी फिरवून सैल करतात, पण पुऱ्या सोडत नाहीत. घोडीखाली मऊ कापडाची घडी सारून ती तबलीला हलकेच बांधतात. सगळ्या खुंट्यांना मिळून कापडाचा वेढा देतात, म्हणजे धक्क्याने एखादी उपटून निघाली तरी हरवत नाही. गळ्याखालच्या पोकळीत भर दाबून बसवतात, भोपळ्याभोवती चारही बाजूंनी हाताचा पंजा जाईल इतकी जागा सोडून ती फोमने भरतात, आणि शेवटी खोका बंद करून हलवतात. आतून आवाज आला की पुन्हा उघडतात.

तारा किती सैल कराव्यात यावर मात्र एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, साफ उतरवा, ताण गेला की गळ्यावरचा भार गेला. दुसरा म्हणतो, सतारीची आणि तंबोऱ्याची घोडी तारांच्या दाबानेच जागेवर असते. ताण पूर्ण गेला तर घोडी सरकते, जवारी म्हणजे घोडीचा घासून जुळवलेला माथा बिघडतो, आणि मैफिलीच्या गावी जवारी काढून देणारा कुठून आणायचा? शिवाय वर्षानुवर्षं ताणाखाली राहिलेली दांडी एकदम मोकळी झाली की वाकडी होते, असंही ते सांगतात. व्यवहारात बहुतेक जण एक-दोन सुरांनी उतरवून मधला रस्ता धरतात. मला तो सयुक्तिक वाटतो, पण यावर कुणी नीट मोजमाप करून पाहिलं आहे असं दिसत नाही. जो तो आपल्या न मोडलेल्या वाद्याचा दाखला देतो.

तिसरं कारण कोरडेपणाचं, आणि कर्जत-खालापुरासाठी ते सर्वांत महत्त्वाचं. जुलैत बोरघाटाच्या पायथ्याशी हवेतली आर्द्रता कित्येक दिवस नव्वद टक्क्यांच्या घरात असते. भिंतींना ओल येते, तबल्याची पुडी सैल पडते, बासरीला आतून बुरा धरतो. त्याच आठवड्यात ते वाद्य विमानात बसलं की आर्द्रता दहा-वीस टक्क्यांवर येते. हिवाळ्यात लंडन-शिकागोला गेलं तर खोल्या तापवलेल्या, म्हणजे तिथेही तीच कोरडी हवा. लाकूड आकसतं, तबलीला चीर जाते, पडद्यांची टोकं बाहेर येतात, बासरी उभी तडकते. बासरीला दोऱ्याचे वेढे असतात ते यासाठीच. हे नुकसान आसनाशेजारी ठेवलेल्या वाद्याचंही होतं, कारण प्रवाशांच्या हवेतच ओलावा नसतो. ‘हातात घेऊन गेलो म्हणजे सुखरूप’ हे अर्धंच खरं.

आणि एक कारण जमिनीवरचं आहे. मे महिन्यात खोपोलीच्या शिळफाट्यावर किंवा खालापूरच्या टोलनाक्याजवळ खायला थांबलेल्या गाडीच्या बंद डिकीत काय तापमान होत असेल ते सांगायला नको. सरसाने जोडलेला सांधा अशा उष्णतेत मऊ पडतो. तो तिथेच सैल होतो, विमानात धक्का बसल्यावर उघडतो, आणि बिल विमान कंपनीच्या नावावर फाटतं. कंपन्या उलट बाजूने हाच मुद्दा धरून बसतात. वाद्य आधीच कच्चं होतं, असं म्हणणं त्यांना सोपं जातं. मोडलं कुठे याचा पुरावा दोघांकडेही नसतो.

वर की खाली

वादकांच्या संघटनांची मागणी सरळ आहे: वाद्य हे सामान नव्हे, उपजीविकेचं साधन आहे, ते मालकासोबतच जायला हवं. नियम नसेल तर सगळं काउंटरवरच्या माणसाच्या मनावर राहतं. जाताना सतार आत घेतली आणि येताना त्याच कंपनीने नाकारली, असे अनुभव वादकांकडे ढिगाने आहेत. लेखी नियम असला तर निदान आधी ठरवता येतं.

विमान कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. आपल्याकडे हातातल्या पिशवीला ७ किलो आणि साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. १८० प्रवाशांच्या विमानात वरचे कप्पे आधीच भरतात. न बांधलेली लांब वस्तू आणीबाणीत धोक्याची ठरते आणि वाट अडवते, हा सुरक्षेचा मुद्दा आहे, आडमुठेपणाचा नाही. एकाला सतार नेऊ दिली तर दुसऱ्याला क्रिकेटची बॅट का नाही, असंही ते विचारतात.

मधला तोडगा आसन विकत घेण्याचा. सेलोवादक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. वाद्य खिडकीशी बांधायचं, आणीबाणीच्या दारापाशी नाही, पट्ट्याची पुरवणी लावायची. पण सेलो उभा अरुंद असतो. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास लांब, आणि भोपळा आसनाच्या दोन हातांच्या मधे नीट बसतोच असं नाही. रुद्रवीणेला तर दोन तुंबे. बहुतेक वीणांचे तुंबे सुटे करता येतात, पण मग सुट्या तुंब्यांचं काय? आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला जाणाऱ्या गायकाच्या मानधनात दुसरं तिकीट बसत नाही, ही सर्वांत साधी अडचण.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. आजवरचे सगळे नियम व्हायोलिन आणि गिटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले, मोठ्या वाद्यासाठी फार तर सेलो. अमेरिकेतली १५० इंचांची मर्यादा सतार सहज पाळते, पण तो नियम ती पोटात घ्यायला सांगतो, आणि तिथेच तर ती मोडते. जून २०१४ मध्ये लंडनहून दिल्लीला येताना उस्ताद अमजद अली खान यांचा सरोदच ब्रिटिश एअरवेजकडून गहाळ झाला होता. काही दिवसांनी तो सापडला. डिसेंबर २०२५ मध्ये अनुष्का शंकर यांनी प्रवासात चिरलेल्या आपल्या सतारीचं चित्रण समाजमाध्यमावर टाकलं. मधल्या अकरा वर्षांत भारतात या विषयावर हळहळ खूप झाली, नियम एकही झाला नाही.

तबला आणि पेटी या बाबतीत सुखी आहेत. तबला हातातल्या पिशवीत जातो, डग्गा कपड्यांत गुंडाळून खाली. पेटी वजनाने पंधरा किलोच्या आसपास, चौकोनी, खोक्यात नीट बसणारी. तिच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा निसटतात, कपलरच्या तारा वाकतात, एखादा सूर बसतो, पण जुजबी हत्यारं असली की पेटीवाला खोलीवर बसून ती सुधारतो. म्हणून भजनी मंडळं या वादात कुठे दिसत नाहीत. त्यांच्या पखवाजाला फक्त तिथे गेल्यावर कणीक मिळाली की झालं.

भरपाईचा हिशेब

आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाई ठरते ती १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने. भारत त्यात २००९ साली सामील झाला. सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा आलं तर प्रत्येक प्रवाशामागे कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपये. मोडक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते. देशांतर्गत प्रवासात आकडा फारच छोटा आहे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या प्रवासी सनदेत तो २०,००० रुपये आहे. मिरजेचा बरा तंबोरा त्यात येत नाही.

करारात यावर एक वाट आहे. सामान देताना त्याची किंमत विशेष घोषित करून जादा शुल्क भरलं तर त्या किमतीपर्यंत जबाबदारी वाढते. आपल्या महासंचालनालयाच्या त्याच २०१३ च्या यादीत या घोषणेचं शुल्कही आहे. म्हणजे सोय कागदावर दोन्हीकडे आहे. पण ती मागणारा प्रवासी विरळा आणि ती देता येणारा काउंटरवरचा कर्मचारी त्याहून विरळा. बहुतेक वेळा उलटं होतं. काउंटरवर एक चिठ्ठी पुढे येते: नाजूक वस्तू, जबाबदारी मर्यादित, इथे सही करा. मागे रांग असते, आपण सही करतो.

या सहीला अर्थ किती, यावर कायद्याच्या जाणकारांत दोन मतं आहेत. कराराच्या २६व्या कलमाने कंपनीची जबाबदारी कमी करणारी कुठलीही अट रद्दबातल ठरते. त्यामुळे चिठ्ठीने हक्क जात नाही, असं एक मत. दुसरं मत १७व्या कलमाकडे बोट दाखवतं. वस्तूच्या अंगभूत दोषामुळे किंवा गुणामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती कंपनी जबाबदार नाही, आणि भोपळ्याचं नाजूकपण हा त्याचा गुणच नव्हे का? हा वाद गंमतशीर वाटला तरी त्यावर लाखांचे दावे अडकतात.

त्याहून अवघड आहे ते किंमत ठरवणं. गुरूकडून मिळालेल्या चाळीस वर्षांच्या तंबोऱ्याची पावती कुणाकडे असते? त्या कारागिराचं दुकान कदाचित नातू चालवतो. नवा तंबोरा घेण्याचा खर्च ही त्याची किंमत, की त्याच्या मुरलेल्या आवाजाची? विमा कंपनी पहिलं उत्तर देते, वादक दुसरं. निदान प्रवासाआधीची छायाचित्रं आणि कारागिराने लेटरहेडवर लिहून दिलेलं मूल्य जवळ ठेवावं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

शिसम, शिंग आणि कातडं

हा भाग थोडक्यात. २ जानेवारी २०१७ पासून शिसम-शिसवीच्या साऱ्या जाती वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराखाली आल्या आणि तबल्याचं खोडही संशयित झालं. वादकांच्या आणि कारागिरांच्या रेट्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हा प्रश्न बराचसा मिटला आहे. मिटलेला नाही तो हस्तिदंताचा आणि सांबरशिंगाचा. जुन्या सतारी-वीणांवर हस्तिदंती नक्षी आणि शिंगाची घोडी सर्रास असे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीही त्यांच्यावर बंधनं आहेत. वाद्यासोबत ये-जा करण्यासाठी साइट्सचं खास प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी वाद्याचं वय सिद्ध करावं लागतं. घोडी डेल्रिन या प्लास्टिकची बसवून घेणं त्याहून सोपं, म्हणून अनेकांनी तेच केलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना बकऱ्याच्या कातड्याची पुडी आणि बांबूची बासरी कागदावर लिहून दाखवावीच लागते. बांबू म्हणजे शेतमाल, असा अर्थ निघाला की काय होतं ते डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला बूजमा रझगी या वादकाच्या सामानाचं झालं. आपल्या हाताने घडवलेल्या बासऱ्या नष्ट केल्या, असं त्यांनी सांगितलं. तो ताजा बांबू होता, असं सीमाशुल्क खात्याचं म्हणणं.

वाद्यानेच बदलावं का

नियम बदलत नाहीत म्हणून वाद्यं बदलू लागली, आणि वादाचा सर्वांत रंगलेला भाग हाच आहे.

पहिली फळी तंबोऱ्याने लढवली. बंगळुरूच्या रॅडेल कंपनीच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आज तो फोनवर आहे. दौऱ्यावर निघालेल्या बहुतेक गायकांनी खरा तंबोरा घरी ठेवला तो या पेटीमुळेच. तक्रार अशी की सूर अचूक येतो, पण खोलीत पसरत नाही, आणि पाठीमागे तंबोऱ्यावर बसून शिकणारा शिष्य संपतो. समर्थक म्हणतात, बेसूर लावलेल्या खऱ्या तंबोऱ्यापेक्षा सुरेल खोटा बरा. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

दुसरी फळी चपट्या वाद्यांची. भोपळ्याऐवजी लाकडी चपटी पाठ असलेली तंबोरी, दांडी सुटी होणारी सतार, फायबरचा भोपळा. मिरजेत आणि कोलकात्यात हे सारं बनतं. चपट्या तंबोरीचा खर्ज कमी पडतो हे तिचे कारागीरही नाकारत नाहीत. सुट्या दांडीच्या सतारीत सांधा नेमका तिथेच येतो जिथून कंप भोपळ्यात उतरायला हवा. काही कारागीर म्हणतात की चांगला बोल्ट बसवला तर कान फसतो. जुने वादक म्हणतात, ऐकणाऱ्याचा फसेल, वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं. पळस्प्याच्या परंपरेने यात सरळ दुसऱ्या बाजूला पाय रोवला. मोठी वीणा मोठीच ठेवायची आणि तिच्यासाठी तशी पेटी बांधायची. झिया मोहिउद्दीन यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर आजही रुद्रवीणेचेच दौरे करतात.

तिसरा मार्ग वाद्य न नेण्याचा. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं, युरोपातली संमेलनं, गावोगावची मंडळं यांच्याकडे आता पेट्या, तबले, तंबोरे आहेत, कुणाच्या तरी तळघरात गवसणीत झाकून ठेवलेले. कलावंताने मोकळ्या हाताने यावं. गायकाला आणि तबलजीला हे बरंच चालतं. सतारियाला चालत नाही, कारण पडद्यांची जागा, घोडीची उंची, तरफांची लावणी ही त्याच्या बोटांच्या मापाची असते. उलट दिशेनेही हाच प्रश्न आहे. कर्जतच्या लग्नाला कोलकात्याहून येणाऱ्या सरोदियाला आयोजकाने ‘इथलाच एक घ्या’ म्हणून चालत नाही. आयोजक मंच, दिवे, जेवण यांची यादी करतात, आणि सरोद कुठल्या गाडीत बसणार ते आदल्या रात्री ठरतं.

कारागिरांचं म्हणणं या चर्चेत फार कमी ऐकू येतं. त्यांच्यापुरतं पाहिलं तर प्रवासी वाद्यांना मागणी आहे आणि त्यांना भोपळा लागत नाही. मोठा, सारख्या सालीचा भोपळा मिळणं आधीच कठीण झालं आहे. विमानाचं माप आणि शेतातली टंचाई दोन्ही एकाच दिशेला ढकलत असतील तर मोठा तंबोरा काही पिढ्यांत फक्त स्थानिक मैफिलींचं वाद्य होऊन बसेल. ही भीती अतिशयोक्त आहे असंही काही जण म्हणतात. मानांकन मिळाल्यापासून मोठ्या वाद्यांची विचारणा वाढली, असा त्यांचा अनुभव आहे.

इथे काय बाकी आहे

कर्जत-खालापुरापुरतं बोलायचं तर विमानाच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, हा भाग कुणीच मोजलेला नाही. पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा नवा उपनगरी मार्ग मोहोपे-चौकवरून होतो आहे. तो सुरू झाला की लगेज डब्यातून खोका पनवेलपर्यंत नेता येईल का, हा प्रश्न आजच विचारायला हवा, कारण आजही कर्जत लोकलच्या लगेज डब्यात सकाळी सतारीचा खोका उभा करायला जागा नसते. पावसाळ्यात ओलसर घरातून निघालेलं वाद्य किती दिवस आधी कोरड्या खोलीत ठेवावं, याचा कारागीर आणि वादक यांनी मिळून केलेला साधा तक्ता नाही. धक्का बसला की रंग बदलणारे छोटे दर्शक बाजारात मिळतात. खोक्याच्या आत आणि बाहेर ते लावले तर निदान मोडलं कुठे या भांडणाचा अर्धा निकाल लागेल. विमान कंपन्या तो पुरावा मानतील की नाही, हे अजून कुणी त्यांच्याकडून लेखी घेतलेलं नाही.

नव्या विमानतळाकडून अपेक्षा यापेक्षा लहान आहे. मोठ्या सामानाचं काउंटर सगळीकडे असतं, पण तिथे दिलेला खोका पुढे हातानेच जातो की पुन्हा पट्ट्यावर चढतो, हे प्रवाशाला कळत नाही. ते लिहून लावावं. आणि ५५ × ३५ × २५ च्या चौकटीशेजारी कुणी तरी एकदा सतार, सरोद, तंबोरा आणि वीणा यांची मापं मांडून, यातलं काय वर जाईल, काय आसन घेऊन जाईल आणि काय खाली, हे ठरवून द्यावं. उत्तर नकाराचं असलं तरी चालेल. घरून निघण्याआधी कळलं म्हणजे झालं.